धुराशिवाय आग

१. हरवलेली आग

शुक्रवारी भर दुपारी पठारावर आग लागली, आणि बंब तिथे पोहोचेपर्यंत कुणीतरी ती चोरून नेली.

दुसरं काय म्हणायचं? वणव्यांवर नजर ठेवणाऱ्या केंद्राच्या मोठ्या पडद्यावर लाल ठिपका लख्ख उमटला होता. आभाळातून जाणाऱ्या उपग्रहाला पठारावर धग दिसली होती, आणि उपग्रह काही गंमत म्हणून ठिपके टाकत फिरत नाही. भोंगा वाजला, बंब धापा टाकत चढ चढला, माणसं नळ्या घेऊन धावली. समोर वाळलेलं गवत वाऱ्यावर मजेत डुलत होतं. त्यातली एक काडीसुद्धा जळली नव्हती. राख नाही, धूर नाही, करपल्याचा वास नाही. एक ससा तेवढा होता, तोही बंब बघून पळाला.

या उन्हाळ्यात हे चौथ्यांदा घडलं होतं.

भिंगरी शाळा सुटल्यावर नेहमीसारखी केंद्रात शिरली तेव्हा बंबप्रमुख तिच्या मावशीच्या टेबलासमोर उभे होते. भिंगरी हे तिचं खरं नाव नव्हे, पण एका जागी दोन मिनिटं न टिकणाऱ्या मुलीला घरचे दुसरं काय म्हणणार? काही आठवड्यांपूर्वीपर्यंत ती फक्त पायांनी फिरायची, तोंडाला कुलूप असायचं. मग याच उन्हाळ्यात नववीच्या वर्गातून तिने वक्तृत्व स्पर्धा जिंकली, कुलूप उघडलं, आणि किल्ली कुठे गेली ते कुणालाच सापडेना.

बंबप्रमुख मोठ्याने बोलत नसत. ते हळू बोलायला लागले की लोक घाबरत.

"उपग्रहाला खोटं बोलायचा पगार मिळत नाही," ते हळू म्हणाले. "म्हणजे आग होती. कुणीतरी लावली आणि आम्ही यायच्या आत विझवली. आता त्या पठारावर राहतं कोण, ते तुम्हीच सांगा."

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. पठाराच्या कडेला टेहळणीचा लाकडी मनोरा होता आणि त्यावर एकच माणूस राहत होता, दुर्बीण आजोबा. अंघोळ सोडली तर त्यांच्या गळ्यातली दुर्बीण कधी निघत नसे, आणि काही लोकांना अंघोळीबद्दलही शंका होती. केंद्रात पडदा आल्यापासून ते येताजाता टोमणे मारत, की इतक्या वरून बघणाऱ्याला माणूस कोणता आणि मुंगी कोणती हे तरी कळतं का. आता केंद्राला तोंडघशी पाडायचं म्हणून त्यांनीच हा उद्योग चालवला होता, असं बंबप्रमुखांचं म्हणणं. मनोऱ्याखाली त्यांना काजळीने माखलेलं अर्धं पिंपही सापडलं होतं. त्यात जाळ करायचा, उपग्रह गेला की वर झाकण टाकायचं, असा त्यांचा तर्क.

"सोमवारी सकाळी मनोऱ्याची किल्ली माझ्या टेबलावर हवी," ते म्हणाले आणि गेले.

आजोबा तिच्या रक्ताच्या नात्यातले नव्हते. पण वर्गात तोंड उघडायला घाबरायची तेव्हा ती त्यांच्या मनोऱ्यावर चढून अख्ख्या दरीला भाषण ऐकवायची. "बोल बिनधास्त," ते म्हणायचे. "इथे ऐकायला वारा आणि मी. वाऱ्याला कळत नाही आणि मला कमी ऐकू येतं."

"मावशी," ती म्हणाली, "सोमवारच्या आत मी चोर शोधते."

"चोर?"

"आग चोरणारा."

२. गठ्ठे

शनिवारी सकाळी चौकशीची सुरुवात मावशीपासूनच झाली, कारण ती घरातच सापडली आणि पळून जाणं तिला शक्य नव्हतं. तिच्या चहूबाजूंनी कागदांचे गठ्ठे होते.

मावशी एक मोठा लेख लिहीत होती. जंगलातल्या आगी दुरून कशा ओळखायच्या, यावर जगभर गेल्या तीसेक वर्षांत जे संशोधन झालं ते सगळं वाचायचं आणि वारं कुठल्या दिशेला वाहतंय ते सांगायचं. विषयवार गठ्ठे लावायचं काम भिंगरीकडे होतं, म्हणून तिला वारं बरंच कळलेलं होतं. उपग्रहांचा गठ्ठा तिच्या कमरेपर्यंत आला होता. आग ओळखायला संगणकाला शिकवायचं, असल्या लेखांचा गठ्ठा कालपरवापर्यंत बारका होता, तो आता उपग्रहांच्या डोक्यावर चढू पाहत होता. ड्रोनचा गठ्ठाही बाळसं धरत होता. टेहळणीच्या मनोऱ्यांचे मोजून चार कागद, तेही पिवळे पडलेले. आणि 'खोटे इशारे' या विषयाचा एक हडकुळा गठ्ठा मावशीच्या टेबलाच्या आखूड पायाखाली होता.

"अगं, हे वाचायचंय ना तुला?" भिंगरीने विचारलं.

"वाचणार आहे. पण काढला की टेबल डुगडुगतं."

भिंगरीने तपासनीसासारखे हात मागे बांधले आणि ठिपक्याबद्दल खोदून खोदून विचारलं. मावशीने सांगितलं, की उपग्रहाला जमीन चौकोनांत दिसते आणि एकेक चौकोन शाळेच्या मैदानाच्या कित्येक पट मोठा असतो. त्यात कुठल्याही कोपऱ्यात धगधगलं, तरी ठिपका पडतो चौकोनाच्या मधोमध. बंब दर वेळी त्या मधल्या जागीच जातो, पण आजूबाजूलाही बघितलंच होतं. मनोराही त्याच चौकोनाच्या एका कोपऱ्यात येतो, म्हणून तर संशय.

"आणि हे ठिपके रात्री किती वेळा आले?"

मावशी विचारात पडली. उपग्रह रात्रीही जात असे, आणि अंधारात तर साधी शेकोटीही त्याला जास्त चांगली दिसली असती. "एकदाही नाही," ती सावकाश म्हणाली. "चारही वेळा दुपारीच."

भिंगरीच्या डोक्यात पहिला खिळा ठोकला गेला. आग लावून केंद्राचं हसं करायचं असलेला माणूस भर उन्हात, सगळ्या जगाच्या डोळ्यांदेखत का लावेल? आणि आजोबा तर रात्री जागेच असतात.

३. भुंगा आणि घार

दुसरा संशयित होता ड्रोनवाला दादा. त्याचं यंत्र दिवसभर गुणगुणायचं म्हणून त्याला सगळे भुंगा म्हणत. उपग्रहाचं हसं झालं तर फायदा त्याचाच, सगळी कामं ड्रोनकडे वळली असती. भिंगरीने हे त्याला तोंडावर सांगितलं. तो इतका हसला की हातातला पेचकस खाली पडला.

"मी आग लावणार? अगं, माझंच नुकसान झालंय. तुझ्या त्या आजोबांनी माझा कॅमेरा आंधळा केला."

त्याने फोटो दाखवले. पठार, गवत, झुडपं, सगळं झकास. मग मनोऱ्यावरून जाताना घेतलेला एक फोटो, आणि तो नुसता पांढरा. पुढच्या क्षणाचा पुन्हा नीट. दोन वेगवेगळ्या दिवशी असंच झालं होतं. दादाचा निष्कर्ष पक्का होता. म्हातारबुवांना ड्रोन आवडत नाही, म्हणून त्यांनी खालून आरसा मारला.

भिंगरीचा चेहरा पडला. पुरावा आजोबांच्याच विरुद्ध जात होता.

तिसरी संशयित मधकाकू. पठाराच्या उतारावर तिच्या मधमाश्यांच्या पेट्या होत्या, आणि मध काढताना ती धुराचा डबा वापरायची. हातात डबा, डब्यात निखारे, मग आणखी काय हवं? पण काकूने शांतपणे सांगितलं, की मध काढून तिला महिना होऊन गेला आणि डबा घरी आहे. शिवाय पठारावर खरंच काही जळलं असतं तर सगळ्यांत आधी माश्यांनी गोंधळ घातला असता. चारही दुपारी त्या आपापल्या कामात होत्या.

"मला चिंता आहे ती घारीची," काकू म्हणाली. "आजोबांची घार गं. वर्षानुवर्षं त्यांच्या छपरावर बसायची. या उन्हाळ्यात ती माझ्या खांबावर येऊन बसते आणि माझ्याकडे असं बघते, जणू मीच तिचं भाडं वाढवलंय. आजोबांनी तिला काय केलं कोण जाणे."

पुन्हा आजोबा. भिंगरी सायकलवर बसली आणि तोंड मनोऱ्याकडे केलं, पण पायडल मारायला पाय तयार होईनात. आजोबांनीच केलं असेल तर?

४. मागची रांग

मनोऱ्याच्या खोलीत आजोबा मजेत पाय पसरून बसले होते. चारही बाजूंना खिडक्या, मधे खाट आणि भिंतीवर खिळ्याला किल्ली. ते किल्लीकडे बघत नव्हते, यावरूनच कळत होतं की सकाळपासून तेवढंच बघत होते.

भिंगरीने एकेक विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, की पिंप थंडीत अंघोळीचं पाणी तापवायचं होतं. आरसा त्यांच्याकडे दाढीचा, तोही तळहाताएवढा आणि तडकलेला. घारीने का पाठ फिरवली ते त्यांना कळत नव्हतं आणि त्याचं त्यांना किल्लीइतकंच वाईट वाटत होतं. दुपारी ते झोपतात का? आजोबांनी कानाची पाळी ओढली. मागे उन्हाळ्यात खोलीची भट्टी व्हायची, पण यंदा भिंगरीच्याच मावशीने छपरावर ऊन परतवणारे चकचकीत पत्रे घालून दिले. ते आल्यापासून दुपार अशी सुखाची जाते, की डुलकी लागते कधीतरी. पण पाच मिनिटांचीच. धूर असता तर दिसला असता.

"मग बंबप्रमुखांना हे नीट सांगा ना."

"त्यांनी विचारलं, चारही दुपारी इथेच होता का. मी म्हटलं, होतो."

हे म्हणताना आजोबा खिडकीबाहेर बघत होते. दुर्बीण न लावता. भिंगरीने त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. ते खोटं बोलत होते.

घरी येऊन ती पलंगावर पडली आणि शेल्फवरच्या आपल्या ढालीकडे बघत बसली. वक्तृत्व स्पर्धेत पहिला क्रमांक, खाली तारीख कोरलेली. ती ताडकन उठून बसली. ती तारीख दुसऱ्या ठिपक्याची होती.

त्या दुपारी ती मंचावर उभी राहिली तेव्हा पहिली दोन वाक्यं घशातच अडकली होती. मग सभागृहाच्या पार मागच्या रांगेत, अंधारात, दोन गोल ठिपके चमकले. कुणाचा तरी चष्मा असेल असं तिला वाटलं. ती त्या ठिपक्यांकडे बघून बोलत गेली, आणि भीती कुठे गेली ते कळलंच नाही. पण चष्म्याच्या काचा एवढ्या मोठ्या असतात?

चष्मा नव्हता तो. आजोबा होते. मंच वीस पावलांवर असताना दुर्बीण लावून बसलेले आजोबा.

म्हणजे दुसरा ठिपका पडला तेव्हा मनोऱ्यावर कुणीच नव्हतं. आजोबा निर्दोष होते आणि ते सिद्ध करणारी साक्षीदार ती स्वतः होती. ती आनंदाने दारापर्यंत धावली आणि तिथेच थांबली. पहारा सोडून जाणं म्हणजे आजोबांच्या लेखी आग लावण्याहून मोठा गुन्हा. म्हणून तर ते खोटं बोलले. तिने तोंड उघडलं तर एका आरोपातून सुटून ते दुसऱ्यात अडकणार, आणि किल्ली जायची ती जाणारच.

स्पर्धा जिंकल्यापासून पहिल्यांदाच तिला गप्प बसायचं होतं. फार अवघड काम.

ती पुन्हा पलंगावर पडली. ते दोन ठिपके डोळ्यांपुढून जाईनात. काच चमकत होती, ती तिला लांबून लख्ख दिसत होती. आजोबांना मात्र ती दिसणं शक्यच नव्हतं, कारण ते काचेच्या मागे होते. चमक सगळ्यांना दिसते, ज्याच्याजवळ असते त्याला सोडून.

भिंगरी हळूच उठली, मावशीच्या खोलीत गेली आणि टेबलाच्या पायाखालचा गठ्ठा ओढून काढला. टेबल डुगडुगलं, चहा सांडला, मावशी ओरडली.

"ओरड नंतर," भिंगरी म्हणाली. "आधी मला सांग, उपग्रह रोज एकाच वाटेने जातो का?"

५. आगीत बसलेला माणूस

रविवारी दुपारी मनोऱ्याच्या खोलीत जेमतेम उभं राहायला जागा होती. बंबप्रमुख खाटेवर बसले होते, कारण भिंगरीने त्यांना फार नम्रपणे तिथे बसवलं होतं. आजोबा कोपऱ्यात उभे. मधकाकू दारात. भुंगादादा खाली गवतात ड्रोन घेऊन तयार. मावशी तेवढी केंद्रात, पडद्यासमोर, फोन हातात धरून.

"आज इथे आग लागणार आहे," भिंगरीने जाहीर केलं. "साहेब, तुम्ही आजोबांची दुर्बीण घ्या आणि चारही खिडक्यांतून बघा. कुणी काडी ओढली तर लगेच पकडा."

बंबप्रमुखांनी दुर्बीण घेतली. पिंप रिकामं होतं. पठार शांत होतं. माश्या कामावर होत्या. ते पुन्हा खाटेवर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, की पोरखेळाला आपल्याकडे वेळ नाही. आजोबा भिंतीवरच्या किल्लीकडे बघत होते.

फोन वाजला. भिंगरीने तो सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला.

"ठिपका आला," मावशीचा आवाज थरथरत होता, हसण्याने की रडण्याने ते कळेना. "पाचवा. त्याच चौकोनात."

बंबप्रमुख उठून खिडकीशी गेले, दुसऱ्या खिडकीशी गेले, परत फिरले. कुठेच काही नव्हतं.

"शोधू नका, साहेब," भिंगरी म्हणाली. "आग तुमच्या डोक्यावर आहे. तुम्ही तिच्यात बसला होतात."

तिने वर बोट दाखवलं. आजोबांनी वर बघितलं. त्यांना दिसलं ते आतलं लाकूड, जे रोज दिसत होतं. मनोऱ्यावरून चारी दिशा दिसतात, दूरच्या टेकडीवरची शेळी दिसते, फक्त मनोऱ्याचं छप्पर दिसत नाही.

मग तिने एकेक धागा सोडवला. ठिपके या उन्हाळ्यात सुरू झाले, आणि चकचकीत पत्रे याच उन्हाळ्यात बसले. रात्री ठिपका नाही, कारण रात्री सूर्य नाही. धूर नाही आणि राख नाही, कारण काही जळतच नव्हतं. तिरप्या पत्र्यावर ऊन पडतं आणि परत आभाळात उडतं. उपग्रह नेमका त्या रेषेत आला की त्याच्या डोळ्यांत सूर्य चमकतो, आणि त्याला वाटतं खाली भडका उडाला. तो रोज त्या वाटेने जात नाही, म्हणून ठिपकाही रोज येत नाही. मावशीने काल हिशेब मांडला तेव्हा चारही ठिपके उपग्रह एकाच बाजूने गेला त्या दिवसांचे निघाले, आणि तसा पुढचा दिवस होता आजचा. दादाचा कॅमेराही त्याच उन्हाने दिपला होता. आणि घारीला कुणी काही केलं नव्हतं. तापल्या आरशावर कोण बसेल?

भुंगादादाने ड्रोन वर चढवला आणि मावशीने सांगितलेल्या बाजूला नेला. त्याच्या हातातला छोटा पडदा एकदम पांढरा झाला. खालून त्याची आरोळी आली, की आजोबा, माफ करा, आरसा तुमचा नव्हता.

"एक सांगा," बंबप्रमुख फोनमध्ये म्हणाले. "पत्रे तर गावात सगळीकडे आहेत. कारखान्यांवर, गोदामांवर. तिथे का ठिपके पडत नाहीत?"

मावशीला खाकरावं लागलं. असल्या चमकणाऱ्या जागा केंद्राला ठाऊक होत्या. त्या एकेक करून शोधल्या होत्या आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष करायला संगणकाला शिकवलं होतं. परक्यांचं एकही छप्पर सोडलं नव्हतं.

"मनोरा राहिला," ती म्हणाली. "मनोरा आपलाच ना. आपल्याच पहाऱ्यावर कोण पहारा ठेवतं? आणि पत्रे तर मीच घातले होते, आजोबांना गार वाटावं म्हणून."

"दिव्याखाली अंधार," मधकाकू म्हणाली. "नाहीतर उजेड. काय म्हणायचं ते म्हणा."

आधी आजोबा हसले. मग सगळेच हसायला लागले आणि मनोरा चक्क हलला. बंबप्रमुख हसले नाहीत, पण त्यांच्या मिशीची एक बाजू वर गेली.

ती बाजू लगेच खाली आली आणि ते म्हणाले, "एक राहिलंच. दुसऱ्या ठिपक्याच्या दुपारी मी इथे फोन लावला होता. बराच वेळ वाजला. कुणी उचलला नाही."

भिंगरीने ओठ इतके घट्ट मिटले की दुखले. आजोबांनी तिच्याकडे बघितलं, आणि तिला सगळं माहीत आहे हे त्यांना त्या मिटलेल्या ओठांवरून कळलं. त्यांनी गळ्यातली दुर्बीण सरळ केली.

"नव्हतो मी इथे," ते म्हणाले. "या पोरीचं भाषण होतं. वर्षभर मला ऐकवलेलं. म्हटलं, एकदा माणसांत बसून ऐकावं. पहारा सोडला, हे खरं. किल्ली घ्या."

त्यांनी खिळ्यावरची किल्ली काढून पुढे धरली. बंबप्रमुखांनी ती घेतली आणि तळहातावर उलटीसुलटी केली.

"भाषण कसं झालं?" त्यांनी हळूच विचारलं.

"पहिला नंबर आला."

"हं." ते भिंतीकडे वळले आणि किल्ली पुन्हा खिळ्याला अडकवली. "न सांगता गेलात, ही चूक. पुढच्या वेळी सांगून जा. मी येऊन बसेन इथे."

६. मागची रांग, पुन्हा

छपराला मातकट रंग दिला गेला. त्यातला छपरापेक्षा भिंगरीच्या अंगावर जास्त गेला, पण छप्पर झाकलं गेलं. उपग्रह त्याच बाजूने गेला त्या दुपारी केंद्रात सगळे श्वास रोखून बसले होते. पडदा स्वच्छ राहिला. घार मात्र लगेच आली नाही. आठवडाभर ती मधकाकूच्या खांबावरून नव्या रंगाची पाहणी करत होती, आणि मग एका सकाळी काही झालंच नाही अशा थाटात परत आली.

खोट्या इशाऱ्यांचा हडकुळा गठ्ठा आता टेबलावर होता आणि टेबलाखाली एक वीट. मावशीच्या लेखात त्या विषयाला अख्खं प्रकरण मिळालं. त्यात तिने लिहिलं, की आग लवकर कशी दिसेल याच्यामागे सगळं जग धावतंय, ते चांगलंच आहे, पण जी आग नाही ती ओळखायलाही कुणीतरी हवं, आणि त्यासाठी वरचा डोळा आणि खालचा डोळा एकमेकांशी बोलते हवेत. मनोऱ्यांचा गठ्ठा चारावरून पाचावर गेला. आजोबा आता टोमणे मारत नसत. म्हणजे मारत, पण मावशीला फोन करून.

पुढच्या वर्षीच्या स्पर्धेला भिंगरी मंचावर चढली तेव्हा मनोऱ्यावर बंबप्रमुख बसले होते. त्यांनी आधी दोनदा फोन करून विचारलं होतं, की घारीला काही खायला द्यायचं असतं का.

तिने समोर बघितलं. सभागृह मागच्या वर्षीपेक्षा मोठं होतं आणि तोंडाला तीच जुनी कोरड पडली होती. मग पार मागे, शेवटच्या रांगेत, दोन गोल ठिपके चमकले.

हा इशारा खोटा नव्हता. भिंगरीने श्वास घेतला आणि सुरुवात केली.